काचेच्या टाकीत बाभळीचं मूळ

वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावात आमचं घर बसस्टँडच्या मागच्या गल्लीत आहे. त्या दिवशी शाळेतून परतले तर पुढच्या खोलीत, जिथे आधी शिलाई मशीन असायची तिथे, लोखंडी स्टँडवर काचेची मोठी टाकी बसलेली. रिकामी. पलीकडे मामाजी, म्हणजे माझे सासरे, खुर्चीत बसून तिच्याकडे बघत होते. काचेतून त्यांचा चेहरा जरा रुंद दिसत होता.

“पाय वं माय,” ते टाकीकडे हात करून म्हणाले, “वाशीमहून आणली. टेम्पोवाल्यानं मांडीवर घेऊन आणली, लेकरासारखी.”

“मासे ठेवता काय, मामाजी?”

“मासे मंग. आंधी जंगल लावाचं. पान्याच्या आत.”

मी हसले आणि आत जाऊन पंख्याखाली उभी राहिले. पण घाम जाईना. मी शाळेत शिकवते, चारचौघांत बोलते, स्कूटी चालवते. मला भित्री कोणी म्हणत नाही. तरीही पाण्याच्या आत जंगल हे ऐकल्यापासून माझे पाय गार पडले होते.

मामाजींची सारी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. कालव्याची दारं उघडायची, बंद करायची, पाटावरून मैलोन्‌मैल चालायचं. पाणी कुठं वळेल, कुठं फुटेल, हे त्यांना घरच्या गुरासारखं माहीत. निवृत्तीनंतर काही वर्षं बरी गेली आणि मग त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. अकोल्याच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला. गोळ्यांनी फरक पडला, पण पुरता नाही. एका लग्नात त्यांच्या हातून वरणाची वाटी शेजारच्या पाहुण्याच्या पांढऱ्या पँटवर सांडली आणि त्यानंतर त्यांनी लोकांकडे जाणंच सोडलं. घरी मी त्यांना अर्धाच कप चहा द्यायची. तोही ते भिंतीकडे तोंड करून, दोन्ही हातांनी कप धरून प्यायचे.

ह्यांनी आपला जुना मोबाइल त्यांना दिला होता. त्यावर त्यांना एक नाद लागला. कुठल्या तरी परक्या देशातली माणसं काचेच्या टाकीत माती पसरतात, दगडांचे डोंगर रचतात, लांब चिमट्यानं एकेक रोप खोसतात, आणि पाणी भरलं की आत एक रान उभं राहतं. त्यांची भाषा मामाजींना कळत नव्हती. ते नुसते त्यांचे हात बघायचे.

टाकी आल्यावर त्यांनी कामाला सुरुवात केली. तळाला काळी दाणेदार माती, तीही वाशीमच्या दुकानातलीच. वर धुतलेली बारीक रेती. आमच्या बोअरचं पाणी जड, बादलीला पांढरा थर धरतं, म्हणून त्यांनी आरओच्या पाण्याचे जार मागवले. टाकीत वीतभर पाणी झाल्यावर प्लास्टिकच्या पिशवीतून रोपं निघाली. रिबिनीसारखं लांब, हिरवं, मऊ गवत. मामाजींनी त्यातलं एक चिमट्यात धरलं आणि रेतीत खोसलं. चिमटा बाहेर काढताना हात थरथरला आणि रोप मुळासकट वर आलं. त्यांनी पुन्हा खोसलं. पुन्हा वर आलं. असं करता करता खालची माती उसळली, पाणी गढूळ झालं आणि ती सगळी पाती वर येऊन तरंगायला लागली.

“माय,” ते म्हणाले, “तुहा हात थीर हाये. तू खोसून दे.”

मी टाकीपाशी गेले. पाण्यावर ती लांब पाती पसरली होती, पंख्याच्या वाऱ्यानं हळूहळू हलत होती. मी कोपरापर्यंत बाही वर केली आणि तशीच उभी राहिले.

“दूध उतू जाईल,” असं म्हणून मी आत गेले.

माझं माहेर रिठदचं. मी सहा-सात वर्षांची असताना आमच्या वावरातल्या विहिरीत पडले होते. विहिरीला कठडा नव्हता. काठावरच्या झाडाला सुगरणींचे खोपे लटकलेले असायचे आणि एक खोपा तुटून अगदी कडेला पडला होता. तो उचलायला वाकले आणि पायाखालची माती सुटली. पडल्याचं मला आठवत नाही. पाण्याच्या गारव्याचंही नाही. मोटारीचा काळा पाइप माझ्या हाताला लागला आणि मी त्याला लटकून राहिले, हे मोठ्यांनी नंतर सांगितलेलं. माझं स्वतःचं असं आठवतं ते एकच. खाली पायांना काहीतरी लागत होतं. मऊ, लांब, बुळबुळीत. ते घोट्याभोवती यायचं, जायचं, पुन्हा यायचं. मी पाय झटकले की ते आणखी गुंतायचं. विहिरीतलं पाणगवत होतं ते, पण मला वाटत होतं खाली कोणीतरी आहे आणि मला सावकाश ओढतंय. काका दोरावरून उतरले, त्यांनी मला खांद्यावर घेतलं. वर आल्यावरही एक हिरवी पात माझ्या घोट्याला चिकटलेली होती. आईनं ती ओढून फेकली आणि मगच रडायला लागली.

त्यानंतर मी कधी नदीत पाय घातला नाही. लग्नानंतर ह्यांना सांगितलं होतं. सासरच्या बाकी कोणाला नाही. आमच्या घरात पिंपाला झाकण असतं, झाकणावर वीट असते. सगळ्यांना वाटतं मच्छरांसाठी.

चार-पाच दिवसांत ते गवत सडलं. मामाजींनी ते गाळणीनं काढलं आणि पाणी उपसून टाकी कोरडी केली. एकदा फक्त जेवताना हळूच म्हणाले, “तुले घान वाटत असंल त् राहू दे, माय.” मला घाण वाटत नव्हती. पण जे वाटत होतं ते सांगायला तोंड उघडेना.

त्यांनीच मग दुसरी वाट काढली. काही रोपं अशी असतात की ती मातीत लागत नाहीत, लाकडाला धरून वाढतात. दोऱ्यानं लाकडाला बांधायची, आणि लाकूडच पाण्यात सोडायचं. बांधाबांध बाहेर टेबलावर करता येते, तिथे हात थरथरला तरी काही बिघडत नाही. फक्त लाकूड जुनं, पाण्यात मुरलेलं पाहिजे.

“बाबा, मी ऑनलाइन मागवून देतो,” हे म्हणाले.

“लाकूड कोनी इकत घेते काय?” मामाजी म्हणाले. “माह्यावाल्या तलावात बाभळीची मुळं पडली हायेत. उन्हाळ्यात पानी उतरलं का उघडी पडतात.”

हे सकाळीच मोटारसायकलनं वाशीमला कामावर जातात. माझ्या शाळेला सुट्टी लागली होती. मामाजींनी मला विचारलं, स्कूटीवर घेऊन चलशील का. एकदा नाही म्हटलं होतं, दुसऱ्यांदा म्हणवेना. मी मनाशी ठरवलं, आपण पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावरच थांबायचं.

उन्हं चढायच्या आत आम्ही पोचलो. गावापासून आत, सोयाबीन काढून मोकळ्या पडलेल्या वावरांच्या पलीकडे तो सिंचन तलाव आहे. मामाजींची तिथे कित्येक वर्षं नेमणूक होती. पाळीवर चढताना त्यांची चालच बदलली. मी स्कूटीपाशी उभी राहून खाली बघितलं. पाणी खूप आत गेलं होतं. मधल्या पट्ट्यात भेगा पडलेला गाळ, त्यात बुडून मेलेल्या बाभळींची काळी खोडं आणि पाण्याच्या कडेकडेनं वाळत चाललेल्या शेवाळाची हिरवी झालर. पलीकडच्या काठावर एक माणूस म्हशी घेऊन बसला होता.

“तुमी लांब जाऊ नका, मामाजी.”

“इथंच हाये वं. ते पाय, हरणाच्या शिंगासारखं मूळ पडलं हाये.”

ते काठी टेकत उतरले. गाळाची वरची पापडी वाळलेली होती, त्यांच्या पायाखाली ती नुसती करकरत होती. मूळ अगदी पाण्याजवळ होतं. ते वाकले, त्यांनी ते हलवून बघितलं आणि वळून माझ्याकडे हात केला, मिळालं म्हणून. मीही हात केला. तेवढ्यात ते एकदम बुटके झाले.

मला आधी कळलंच नाही. वाटलं, बसले. मग त्यांची काठी आडवी पडलेली दिसली. पापडी फुटून ते मांडीपर्यंत आत गेले होते. एक पाय उपसायला गेले तर तोल जाऊन पाण्याच्या बाजूला कलंडले, एक हात पाण्यात गेला. आणि मग त्यांचं सगळं अंग थरथरायला लागलं. ते मला पाळीवरून दिसत होतं.

“मामाजी!”

त्यांनी काहीतरी म्हटलं, पण ऐकू आलं नाही. मी म्हशीवाल्याला हाका मारल्या. तो उठला, पण त्याला सगळा काठ फिरून यायचं होतं. माझा फोन स्कूटीच्या डिक्कीत होता, तो काढून ह्यांना लावला, उचलला नाही. खाली मामाजींचं डोकं आणि पाणी यांच्यात फार जागा उरली नव्हती. ते वर यायला धडपडत होते आणि प्रत्येक धडपडीला थोडे खाली जात होते.

पाळीवरून मी कशी उतरले ते सांगता येणार नाही. भेगांच्या गाळापर्यंत आले आणि तिथे माझे पाय थांबले. खरोखर थांबले. मी त्यांना पुढे टाकायला सांगत होते आणि ते ऐकत नव्हते. समोर ते शेवाळ होतं, ओलं, लांबलांब, गाळावर पसरलेलं, आणि पुढे पाण्यात तेच उभं, हलणारं. कानात नुसता माझाच श्वास येत होता.

“उभी येऊ नको!” मामाजी ओरडले. इतकी वर्षं त्यांचा असा आवाज मी ऐकला नव्हता. “तू बी फसशीन. आडवी हो. पोटावर ये, पोटावर.”

मी ओढणी काढून हाताला गुंडाळली आणि गाळावर पालथी झाले. गाळ कोमट होता, वास येत होता. कोपरांनी सरकत पुढे गेले तसं ते शेवाळ माझ्या गळ्याला लागलं, हातांना लागलं, सलवारीत शिरलं. मी डोळे मिटले. मिटल्यावर तर विहीरच दिसली, म्हणून पुन्हा उघडले. मी रडत होते, मोठ्यानं, लहान पोरीसारखं. ओरडतच सरकत होते. ओढणीचं टोक फेकलं. पहिल्यांदा ते पडलं अर्ध्यात. दुसऱ्यांदा मामाजींच्या हाताला लागलं, पण उजव्या हातानं त्यांना ते धरता येईना. पकडायचे आणि सुटायचं.

“डाव्यानं!” मी ओरडले. “मामाजी, डाव्या हातानं!”

त्यांनी डाव्या हातावर ओढणीचे वेढे घेतले आणि उजवा हात त्या बाभळीच्या मुळावर टाकला. मूळ गाळात रुतलेलं होतं, ते हललं नाही. तेवढ्यानं त्यांचं डोकं पाण्यापासून लांब झालं. त्यांना बाहेर ओढायची ताकद माझ्यात नव्हती. मी नुसती ओढणी ताणून धरली आणि आम्ही दोघं तसेच पडून राहिलो. ताण देताना मी आडवी वळले होते, माझा एक पाय पाण्यात गेला होता. त्याला खालून काहीतरी लागत होतं. मी पाय झटकला नाही.

“रडू नको,” मामाजी म्हणाले. त्यांचे दात वाजत होते. “तो येऊन राह्यला.”

म्हशीवाला आला. त्यानं म्हशीचं दावं आणलं होतं. ते मामाजींच्या काखेतून घालून, आम्हां दोघांना मिळून ओढत, तो मागे सरकत गेला. एक पाय सुटताना गाळानं असा आवाज केला की मला अजून कधीकधी शाळेत फळ्यावर लिहिताना तो ऐकू येतो. बाहेर आल्यावर मामाजी कडेला बसले, धापा टाकत. त्यांची पिंढरी फाटली होती, रक्त आणि गाळ एक झाला होता. मला ओकारी आली. तोंड पुसलं आणि बघितलं तर माझ्या हातापायांवर सगळीकडे ती हिरवी तंतूंची जाळी. मला ती काढता येईना. हात लावायचीच हिंमत होईना. मी हात लांब धरून, बोटं ताणून नुसती उभी.

मामाजींनी मला खाली बसवलं. आपल्या थरथरत्या बोटांनी एकेक तंतू काढायला लागले. एका तंतूला त्यांना तीन-तीनदा हात घालावा लागत होता. काढत राहिले.

सगळं झाल्यावर ते म्हशीवाल्याला म्हणाले, “बापू, तेवढं मूळ काढून देतं काय?”

“काय बुढा हाये बाप्पा!” म्हशीवाला माझ्याकडे बघून म्हणाला. “मरता मरता वाचला, अन् लाकूड मांगून राह्यला!” पण त्यानं दावं टाकून मूळ ओढून दिलं. इतकंच नाही, दुपारी टेम्पोत घालून घरीही पोचवलं.

ह्यांचा राग बरेच दिवस उतरला नाही. “तू त्यांले नेलंच काहून?” ते रोज कधीतरी एकदा म्हणायचे. मामाजींना ताप आला. पायाची जखम चिघळली, रोज ड्रेसिंगला न्यावं लागे. पण मला खरी भीती वेगळीच होती. ते बोलेनासे झाले. मोबाइल बघेनासे झाले. उजव्या हाताबरोबर आता डावाही हलायला लागला होता. मी स्वयंपाकघरातून सारखी डोकावून बघायची, छाती हलते आहे ना. अंगणात ते मूळ पडून होतं आणि पुढच्या खोलीत कोरडी टाकी. त्या दोन्हींकडे बघवत नव्हतं.

एका सकाळी ड्रेसिंगची पट्टी सोडताना मी त्यांना विहिरीचं सांगून टाकलं. खोपा, पाइप, घोट्याला चिकटलेली पात, सगळं. मान वर न करता सांगितलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “आंधी सांगतीस त् तुले तिकडं नेलंच नसतं.” हात मांडीवर पालथा ठेवून म्हणाले, “मले पान्याचं भेव कधीच नाई वाटलं. पन माह्या हाताचं वाटते, माय. रोज उठलो का आंधी हाताकडं पायतो. आज किती हलते.”

मी नवी पट्टी बांधली. घट्ट झाली, ती सोडून पुन्हा बांधली.

त्याच दिवशी मी अंगणातलं मूळ घासायला घेतलं. गाळ निघाला, कुजकी साल निघाली, आतून काळंभोर टणक लाकूड निघालं. पिंपात भिजत घातलं तर ते एका टोकानं तरंगायला लागलं, म्हणून त्यावर पाटा ठेवला. पाणी चहासारखं व्हायचं, मी ते बदलायची. झाकण बसत नव्हतं. पिंप उघडं राहिलं. येता-जाता मी त्याच्यापासून हातभर लांबून चालायची, पण राहिलं.

पावसाळा लागल्यावर मामाजी खुर्चीत सरळ बसायला लागले. दुकानदारानं पाठवलेली रोपं आली. जाड पानांची, मातीत न लागणारी. मामाजींनी ती काळ्या दोऱ्यानं मुळाच्या बेचक्यांत बांधली. त्याला दोन सकाळी गेल्या. दोरा गुंतायचा, सुटायचा, मी मधे पडले नाही. रविवारी ह्यांनी मूळ उचलून टाकीत बसवलं, खाली फरशीचा तुकडा अडकवून, आणि जार ओतले. राग अजून होता, पण बसवल्यावर दोन पावलं मागे जाऊन त्यांनी टाकी न्याहाळलीच.

समोरची रेती मोकळी दिसत होती. तिथे गवत पाहिजे होतं. ह्यांनी दोन रोपं खोसून बघितली, त्यांच्या जाड बोटांत दोन्ही चेंदली.

“राहू द्या,” मी म्हणाले. “मी खोसते.”

मी घराचा मेन स्विच बंद केला. टाकीतला फिल्टर, दिवा, सगळं विजेवर, आणि मला एका वेळी एकच भीती झेपण्यासारखी होती. पंखा थांबला. चिमटा घेऊन मी हात आत घातला. मनगट, मग कोपर. मुळावरच्या पानाची कड दंडाला लागली. हात बाहेर काढला, पुसला. पुन्हा घातला. त्या दिवशी एकच रोप लागलं. दुसऱ्या दिवशी दोन.

पुढचे काही आठवडे फार वाईट गेले. बांधलेल्या रोपांची पानं पिवळी पडली, मग काचेसारखी पातळ होऊन गळायला लागली. सकाळी उठून मामाजी आधी टाकीकडे बघायचे आणि मी त्यांच्या तोंडाकडे. मला वाटायचं, हे सगळं मेलं तर ते पुन्हा उठायचे नाहीत. न राहवून दुकानदाराला फोन केला. “घाबरू नका, भाभी,” तो म्हणाला, “जुनी पानं गळतातच. नवीन पाण्याचं नवीन पान येईल. मासे मात्र टाकू नका अजून.” त्याचं म्हणणं खरं निघेल असं मला वाटलं नव्हतं. श्रावण अर्धा झाला तेव्हा एका बेचक्यात नखाएवढा हिरवा कोंब दिसला. मामाजींनी तो मला दाखवला नाही. मीही त्यांना दाखवला नाही. दोघांनी आपापला बघितला, आणि संध्याकाळी चहाच्या वेळी ते म्हणाले, “तुले दिसलं काय?”

आता टाकीत मासे आहेत, नखाएवढे, लाल शेपटीचे. गवत माजलंय. मामाजींना चालताना धरावं लागतं, डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या आहेत. टाकीचं सगळं मीच करते. दर रविवारी मेन स्विच बंद करते, बाही वर करते, आणि दर वेळी छातीत तेच धडधडतं, जरासुद्धा कमी होत नाही. गेल्या रविवारी मी मुळामागचं वाढलेलं गवत कापत होते. मामाजी स्टँडला धरून शेजारी उभे होते. पाण्यावर बारीक वलयं उठायला लागली. मी कात्री थांबवून वर बघितलं. त्यांचा हात स्टँडवर होता, आणि स्टँड हलत होतं.

“माह्यानं हलून राह्यलं,” ते म्हणाले आणि हात काढून खुर्चीत बसले. “आता काप.”